रहाडीत भिजलेला फोन : काय वाचवावे आणि उरलेल्या फोनचे काय करावे?

चोपडीवाला

काल रंगपंचमीला तिवंधा चौकातील रहाडीपाशी मी केवळ पाहण्यासाठी उभा होतो. दोन पुतण्यांनी मला दोन्ही बाजूंनी धरले आणि “अरे, खिशात फोन आहे” एवढे म्हणेपर्यंत आम्हा तिघांचा धप्पा बसलासुद्धा. नाशिकबाहेरच्या सभासदांसाठी सांगतो, की रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला जुना, पेशवेकालीन मानला जाणारा हौद. तो वर्षभर झाकलेला असतो, रंगपंचमीला उघडून त्यात फुलांपासून उकळून केलेला रंग भरतात आणि त्यातल्या उडीला आम्ही धप्पा म्हणतो.

फोन अडीच वर्षांचा आहे. खोक्यावर आयपी ६७ लिहिलेले असल्यामुळे मी निर्धास्त होतो. बाहेर आल्यावर दहा मिनिटे पडदा उजळलेला होता, नंतर त्यावर उभ्या रेघा आल्या आणि तो काळा झाला. घरी येऊन मी फोन नळाखाली धुतला, कारण रंग चिकटत होता. केस वाळवण्याच्या यंत्राने अर्धा तास गरम हवा दिली आणि रात्री, राहवेना म्हणून, चार्जरला लावून पाहिला. बॅटरीचे चिन्ह एकदा दिसले, पाठ गरम लागली, तेव्हा घाबरून काढून ठेवला.

फोनपेक्षा मला त्यातील छायाचित्रांची काळजी आहे. आमचे घर रामकुंडावरील तीर्थोपाध्यायांचे असून यजमानांच्या नामावळीच्या जुन्या चोपड्या आमच्याकडे आहेत. सिंहस्थाची गर्दी सुरू होण्यापूर्वी त्यांची पाने टिपून ठेवावीत म्हणून गेले चार महिने मी रोज थोडे काम करीत होतो आणि सुमारे १,९०० पाने झाली होती. चोपड्या सुरक्षित आहेत, परंतु काही पाने अशी ठिसूळ झाली आहेत, की ती पुन्हा उलटावीत असे मला वाटत नाही. मेघसाठवण (क्लाउड) भरल्याचा संदेश येत होता. तो मी रोज बाजूला सारीत होतो.

छायाचित्रे मिळू शकतील काय? आणि हा फोन सुरू झालाच, तर तो पुन्हा वापरावा काय?

घोटीची_लेक

गुरुजी, माझा फोन भातखाचरात पडला होता. आईने तो दोन दिवस तांदळाच्या कोठीत ठेवला आणि तो आजही चालतो. तोही घोटीचा इंद्रायणी होता, साधासुधा तांदूळ नव्हे. तुम्हीही करून पाहा.

अंबड_बेंच

मी अंबड औद्योगिक वसाहतीत सर्किट बोर्डांच्या दुरुस्तीवर बरीच वर्षे काम केले आहे आणि आता घरी मोबाईलचे बोर्ड पाहतो. प्रथम एक विनंती : आता फोनला चार्जर लावू नका, सुरू करण्याचे बटण दाबू नका आणि गरम हवाही देऊ नका. सिमचा ट्रे काढून ठेवा आणि फोन उघडण्याची सोय होईपर्यंत त्याला हात लावू नका.

कारण सांगतो, म्हणजे पुढील सूचना मनमानी वाटणार नाहीत. शुद्ध पाणी विजेचे फारसे वहन करीत नाही. वहन करतात ते त्यात विरघळलेले क्षार, आणि रहाडीतील पाण्यात रंगाचा काढा, माती व शेकडो लोकांचा घाम असतो. बोर्डावर विजेच्या रेषा एकमेकींपासून केसाच्या अंतरावर असतात. त्यांच्यामध्ये असे पाणी राहिले आणि बॅटरी जोडलेली असली, की धन बाजूचे तांबे विरघळू लागते आणि तेथे हिरवा कळंक चढतो. तांबट आळीच्या शेजारी राहणाऱ्यांना कळंक म्हणजे काय हे सांगायला नको. फरक एवढाच, की पितळेच्या पातेल्याला तो चढायला दिवस लागतात आणि फोनमध्ये विजेच्या जोरावर हेच काम काही तासांत, काही रेषांवर तर काही मिनिटांत होते.

येथे बहुतेकांची एक गफलत होते. फोन बंद केला म्हणजे वीज थांबली असे नसते. बटणाने बंद केलेल्या फोनमध्येही बॅटरी बोर्डाला जोडलेलीच असते, आणि पॉवर आयसी (बोर्डाला वीज वाटून देणारी चिप), घड्याळ व बटणाची रेषा यांवर विजेचा दाब कायम असतो. पूर्वी पाठीमागचे झाकण काढून बॅटरी हातात घेता येत असे. आता ती आत चिकटवलेली असल्यामुळे पाठ उघडून तिचा कनेक्टर सोडवणे हाच खरा “बंद” होय. त्यामुळे फोन दोन दिवस कोठेही वाळत ठेवणे, मग ते तांदूळ असोत वा सिलिका जेलच्या पुड्या, म्हणजे कळंकाला दोन दिवसांची मुदत देणे आहे.

तांदळाविषयी घोटीच्या ताईंचा अनुभव मी खोटा म्हणत नाही. त्यांच्या फोनमध्ये पाणी बोर्डापर्यंत पोहोचले नसावे, आणि तसे असेल तर तो फोन कोठीत न ठेवताही सुरू झाला असता. तांदूळ बाहेरचा ओलावा थोडाफार ओढतो, परंतु आयसीवरील पत्र्याच्या झाकणाखाली आणि आयसीच्या पोटाखाली चिकटून राहिलेले पाणी त्याच्या आवाक्यात येत नाही. शिवाय पाणी उडून गेले तरी क्षार तेथेच राहतात आणि पुढच्या दमट दिवशी पुन्हा ओले होतात. अ‍ॅपल कंपनीने तर आपल्या सूचनांत फोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, त्याचे बारीक कण आत जाऊन नुकसान होऊ शकते, असे स्पष्ट लिहिले आहे.

आयपी ६७ चा अर्थही समजून घ्यावा. नवा फोन गोड्या, स्थिर पाण्यात १ मीटर खोलीवर ३० मिनिटे ठेवून ही चाचणी करतात. धप्प्याचे पाणी स्थिर नसते, आणि अडीच वर्षांत सांध्यांचा डिंक झिजलेला असतो. त्यावर गरम हवा दिली, की डिंक आणखी मऊ होतो आणि कडेचे पाणी आत ढकलले जाते. नळाखाली धुण्याचे काम मात्र तुम्ही नकळत बरे केलेत, असे मी म्हणेन. बॅटरी सोडवून धुतला असता तर अधिक बरे झाले असते.

चोपडीवाला

इतके सविस्तर लिहिल्याबद्दल आभारी आहे. सिम काढले, त्या ट्रेच्या खाचेतून टॉर्चने पाहिले असता आत लाल ठिपका दिसतो. छायाचित्रे साठवणाऱ्या चिपमध्येच असतील, तर ती चिप काढून दुसऱ्या फोनला लावता येते, असे माझा पुतण्या म्हणतो. हे शक्य आहे काय? (हाच तो धप्पा मारणारा पुतण्या.)

अंबड_बेंच

लाल ठिपका म्हणजे पाणी आत गेल्याची खूण. तो कागद कोरडा असताना पांढरा असतो आणि भिजला की कायमचा लाल होतो. सेवाकेंद्रे वॉरंटी नाकारताना हाच ठिपका दाखवतात. जुना फोन विकत घेणाऱ्यांनीही ही खाच पाहून ठेवावी, मात्र प्रत्येक फोनमध्ये तो ठिपका तेथेच असतो असे नाही.

चिप काढण्याचा उपाय जुन्या फोनांत चालत असे. आताच्या फोनांतील साठवण कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) असते आणि तिची किल्ली प्रोसेसरशी बांधलेली असते. चिप दुसऱ्या बोर्डावर लावली तर तेथे केवळ निरर्थक अंक मिळतील. म्हणून तुमची छायाचित्रे हवी असतील, तर हाच बोर्ड, याच प्रोसेसरसह, निदान एकदा सुरू व्हावा लागेल आणि तुम्हाला पिन टाकता यावा लागेल. फोन पुन्हा चालू झाल्यावर पहिल्या वेळी बोटाचा ठसा चालत नाही, हे अनेकांना दुकानात गेल्यावर कळते.

यातून कामाचा क्रमच बदलतो. स्पीकर, माइक, कॅमेरा, कंपन, चार्जिंगची पट्टी हे सगळे गेले तरी चालेल. प्रोसेसर, त्याच्यावरची रॅम, साठवण आणि पॉवर आयसी हे चौघे अर्धा तास जिवंत राहिले तरी पुरे. दुकानात जाताना “फोन दुरुस्त करा” असे सांगू नका, “मला यातील माहिती हवी आहे, फोन नंतर चालला नाही तरी हरकत नाही” असे सांगा. पहिले वाक्य ऐकल्यावर कारागीर फोल्डर (म्हणजे पडदा व टच यांचा जोड), बॅटरी, पट्टी बदलत बसतो. दुसरे ऐकल्यावर थेट बोर्डाकडे वळतो.

मेनरोडकर

हे वाक्य मला मागच्या वर्षी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. माझा फोन सोमेश्वरच्या धबधब्यावर भिजला होता. शहरातील एका दुकानात (नाव लिहीत नाही) दिला, तेव्हा त्यांनी आधी नवा फोल्डर बसवला, मग बॅटरी बदलली आणि पाचव्या दिवशी “बोर्ड डेड आहे” असे सांगितले. बोर्ड तोपर्यंत कोणी धुतलाच नव्हता. दोन्ही सुट्या भागांचे पैसे गेले आणि मुलीच्या बारशाची चित्रफीतही गेली. महात्मा गांधी रस्त्यावर मोबाईलची इतकी दुकाने आहेत, परंतु त्यातून बोर्डाचे काम करणारा कोण आणि केवळ भाग बदलणारा कोण, हे गिऱ्हाइकाने ओळखावे तरी कसे?

अंबड_बेंच

दोन प्रश्न विचारा. पहिला : बोर्ड कशाने धुता? उत्तर “आयपीए” (आयसोप्रोपिल अल्कोहोल) असे आले आणि बाटलीवर ९९ टक्के लिहिलेले असले, तर ठीक. औषधाच्या दुकानातील ७० टक्क्यांच्या द्रवात उरलेले पाणीच असते, आणि हाताला चोळायच्या जेलमध्ये तर ग्लिसरीनही असते; ते बोर्डावर नको. दुसरा : झाकणे उचलून धुता, की वरूनच? पत्र्याची झाकणे न उचलता केलेली धुलाई म्हणजे कुलूपबंद घराचे अंगण झाडण्यासारखे आहे.

अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी धुणारे) यंत्र असले तर उत्तमच; मात्र त्यात केवळ सुटा केलेला बोर्ड घालावा. कॅमेरा, माइक, स्पीकर आणि पडदा त्यात घालणारा कारागीर असेल, तर फोन उचलून घरी यावे.

बोर्ड धुऊन, वाळवून झाल्यावर जाणता कारागीर बॅटरी लावत नाही. तो बोर्ड बेंचवरील पॉवर सप्लायला जोडतो आणि काटा पाहतो. बटण दाबण्यापूर्वीच बोर्ड प्रवाह खाऊ लागला, तर कोठे तरी शॉर्ट आहे. तेथे आम्ही रोझिनचा (राळेचा) पातळ धूर देतो. बोर्डावर पांढरी साय बसते आणि जो भाग तापतो, तेथील साय प्रथम वितळते. बहुतेक वेळा गुन्हेगार म्हणजे मोहरीएवढासुद्धा नसलेला एखादा कपॅसिटर निघतो. तो काढून टाकला, की बोर्ड उभा राहतो.

पंचवटी_पोस्टमन

मध्येच एक व्यावहारिक सूचना. फोनची दुरुस्ती होईपर्यंत गुरुजींनी सिम पुसून दुसऱ्या साध्या फोनमध्ये लावावे. बँकेचे सांकेतिक अंक त्यावर येतात आणि यूपीआय नव्या फोनवर नोंदवताना त्याच सिमवरून संदेश जावा लागतो. सिमच खराब झाले असेल, तर नवे सिम सुरू झाल्यावर सुमारे २४ तास एसएमएस बंद ठेवलेले असतात. फसवणूक टाळण्यासाठी तशी व्यवस्था आहे. त्या दिवशी कोणाला पैसे पाठवायचे असतील, तर आधी सोय करून ठेवावी. मेमरी कार्ड वेगळे असेल तर तेही काढावे, कारण ते सहसा कूटबद्ध नसते आणि पुसून वाळवल्यावर संगणकात उघडते.

चोपडीवाला

मेमरी कार्डाची जागा फोनमध्ये आहे, पण मी कार्ड कधी घेतलेच नाही. आज अंबडला जाऊन बोर्ड दाखवून येतो. काय झाले ते लिहीन.

द्राक्षबाग_दिंडोरी

गुरुजींच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, म्हणून लिहितो. भिजून वाचलेला फोन खिशात ठेवण्याच्या लायकीचा राहत नाही, असे माझे मत आहे. तो कधी दगा देईल याचा भरवसा नसतो. परंतु तो बंद पडला तरी कोणाचे अडणार नाही, असे काम त्याला दिले तर तो वर्षानुवर्षे टिकतो.

माझा एक फोन फवारणीच्या टाकीत पडला होता. धुऊन सुरू झाला, पण माइक आणि अर्धा टच गेला. तो मी विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत ठेवला आहे. शेतीपंपाची थ्री फेज वीज आम्हाला काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते, आणि वेळापत्रकाबाहेर जाण्यायेण्याची तिची सवय वेगळीच. फोन चार्जरला कायम जोडलेला आहे. चार्जिंग सुरू झाले, की फोनमधील एक स्वयंचलित अ‍ॅप माझ्या नेहमीच्या फोनवर “लाइट आली” असा एसएमएस पाठवते आणि थांबले, की “गेली” असा. त्यासाठी टच लागत नाही, माइक लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. प्रथम एक चूक झाली होती : साधा चार्जर एका फेजवर चालतो, त्यामुळे एकच फेज असतानाही संदेश येत असे आणि मी रात्री दोन वाजता व्यर्थ बागेत जाऊन आलो. नंतर वायरमनकडून चार्जरचा सॉकेट अशा रीतीने जोडून घेतला, की तिन्ही फेज असल्याशिवाय त्यात वीज येत नाही. मोटार सुरू करणारे मोबाईल स्टार्टर बाजारात मिळतात आणि ते याहून सोयीचे आहेत. पण माझा खर्च जुन्या सिमच्या रिचार्जएवढाच आहे.

मेनरोडकर

दादा, कल्पना छान आहे, परंतु पाण्यात पडून आलेली लिथियमची बॅटरी बंद खोलीत चोवीस तास चार्जरला लावून ठेवणे मला भीतीचे वाटते. एप्रिलमध्ये पत्र्याच्या खोलीत काय तापमान होत असेल? चार पैसे वाचवण्यासाठी एवढा धोका का पत्करावा?

अंबड_बेंच

मेनरोडकरांची भीती रास्त आहे. भिजलेल्या फोनचा दुसरा जन्म व्हायचा असेल, तर जुनी बॅटरी त्यात नकोच. तिच्या संरक्षक पट्टीवरही कळंक चढलेला असतो, आणि तीच पट्टी अतिचार्ज व शॉर्टपासून बॅटरीला वाचवीत असते. नवी बॅटरी टाकावी. तीही सतत पूर्ण भरलेली आणि गरम राहिली तर फुगते, म्हणून फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असेल तर ती लावावी. ४५ अंशांच्या वर चार्जिंग करू नये हा साधारण नियम आहे, आणि पत्र्याची खोली दुपारी तो सहज मोडते. दादांनी फोन पत्र्यापासून दूर, भिंतीच्या सावलीच्या बाजूस, मातीच्या किंवा फरशीच्या कोनाड्यात ठेवावा, आसपास गोणपाट आणि औषधांच्या बाटल्या ठेवू नयेत. पाठ किंचित जरी फुगलेली दिसली, तर त्याच दिवशी फोन निवृत्त करावा.

द्राक्षबाग_दिंडोरी

औषधांच्या बाटल्या त्याच कोनाड्यात होत्या. आजच हलवतो.

घोटीची_लेक

वाचून मी माझा तो भातखाचरातला फोन उघडून घेतला. चार्जिंगच्या पट्टीवर खरोखर हिरवा थर होता. आता तो धुऊन, नवी बॅटरी घालून आईला स्वयंपाकघरात रेडिओ म्हणून दिला आहे. त्यात एफएमची सोय असल्याने इंटरनेट लागत नाही. फक्त वायरचे हेडफोन लावून ठेवावे लागतात, कारण ती वायरच अँटेना असते, हे मला नव्यानेच कळले. तांदळाविषयीचे माझे म्हणणे मी मागे घेते, इंद्रायणीविषयीचे नाही.

चोपडीवाला

नऊ दिवसांनी लिहीत आहे.

बोर्ड माझ्यासमोरच उघडला. झाकणाखाली रंगाचा सुकलेला थर होता आणि चार्जिंगच्या आयसीभोवती हिरवा कळंक. मी रात्री चार्जर लावला होता, त्याचीच ही खूण असे मला दाखवण्यात आले, आणि मी काही बोललो नाही. दोन वेळा धुलाई, एक कपॅसिटर काढला, चार्जिंगचा आयसी बदलला. पडदा गेलेलाच होता, म्हणून दुसरा फोल्डर न चिकटवता केवळ जोडून पाहिला. चित्र आले, टच मात्र अर्धाच चालत होता आणि माझ्या पिनमधील दोन अंक नेमके मेलेल्या भागात होते. फोनला ओटीजीच्या (फोनला माऊससारखी साधने जोडण्याच्या) जोडणीने संगणकाचा साधा माऊस लावला; पडद्यावर बाण उमटला आणि त्याने पिन टाकला. मग माऊस काढून संगणकाची वायर लावली. सगळी छायाचित्रे उतरायला पन्नास मिनिटे लागली. तेवढा वेळ बोर्डावर छोटा पंखा धरून बसलो होतो. एकूण १,९१२ पाने मिळाली; तीन फाइली उघडत नाहीत, ती पाने मी पुन्हा टिपली.

आता त्या फोनचे काय, तर त्याचा कॅमेरा स्वच्छ आहे. त्यात नवी बॅटरी, बाजारातील स्वस्त फोल्डर आणि मेमरी कार्ड घातले आहे. सिम, बँक, यूपीआय, कोणतेही खाते त्यात नाही. पुतण्याने लाकडी चौरंगावर एक आडवा दांडा ठोकून दिला असून फोन त्यावर कायमचा पालथा बसवला आहे. खाली चोपडी उघडायची आणि माऊसच्या बटणाने छायाचित्र घ्यायचे, त्यामुळे पानाला हात लागत नाही. पूर्वी फोन हातात धरून टिपलेल्या पानांपेक्षा ही पाने सरळ आणि ठसठशीत येतात. दर शनिवारी कार्ड काढून संगणकात आणि एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतो.

जुनी बॅटरी कोठे द्यावी?

पंचवटी_पोस्टमन

घंटागाडीत मुळीच टाकू नका. ओल्या-सुक्या कचऱ्यासोबत ती दाबली गेली, तर गाडीतच किंवा पाथर्डीच्या खतप्रकल्पावर पेट घेऊ शकते. बॅटरी-कचऱ्याचे वेगळे नियम २०२२ पासून लागू आहेत आणि जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकांवर टाकली आहे. त्यामुळे त्या कंपनीच्या सेवाकेंद्रात विचारावे. तोपर्यंत दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून ती पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवावी.

चोपडीवाला

वाळू गोदाघाटावरून आणली, उन्हात वाळवली आणि डबा अंगणात ठेवला आहे. सोमवारी सेवाकेंद्रात नेऊन देतो.